समुद्रावरचा निरोप्या

दोस्तांनो, नौदल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढराशुभ्र गणवेश, राखाडी रंगाची अजस्र जहाजं, तोफा, पाणबुड्या, हो ना? ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मोठा सोहळा आपल्या सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. हजारो लोकांनी जहाजं पाहिली, विमानं पाहिली, टाळ्या वाजवल्या. पण त्या जहाजांच्या पोटात, एका बिनखिडकीच्या खोलीत काही माणसं बसलेली होती. ती कुणालाच दिसली नाहीत. दिसणारही नाहीत. कारण त्यांचं कामच तसं आहे.

मी वीस वर्षं अशाच खोल्यांमधून काम केलं. आज तुम्हाला त्या खोलीत घेऊन जाणार आहे. जहाजाचं नाव मात्र विचारू नका हं! निवृत्त झालो तरी सवय जात नाही.

मी रत्नागिरीकडचा. बारावीनंतर १९९८ साली नौदलात भरती झालो. ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठी 'आयएनएस चिल्का' नावाचं प्रशिक्षण केंद्र आहे. नावापुढे 'आयएनएस' असलं तरी ते जहाज नव्हे बरं का, जमिनीवरच आहे. नौदलाचे तळसुद्धा जहाजांसारखीच नावं लावतात. तिथे आधी पळायला, पोहायला आणि वेळ पाळायला शिकलो. मग कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये मोर्सची टकटक शिकलो. आणि त्याच सुमारास जहाजांवर संगणकांचं राज्य सुरू झालं. मग काय, केबल, सर्व्हर, नेटवर्क, उपग्रह असं एकेक शिकत गेलो. आज या कामाला माहिती तंत्रज्ञान म्हणतात. आमच्या आजीला हा शब्द काही केल्या पटेना. ती शेजाऱ्यांना सांगायची, "आमचो नातू बोटीवर निरोप्याचा काम करता."

खरं सांगू? माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही. निरोप पूर्ण पोचला पाहिजे. वेळेवर पोचला पाहिजे. ज्याचा आहे त्यालाच पोचला पाहिजे. आणि चौथी गोष्ट, दुसऱ्या कुणालाही पोचता कामा नये. बस्स, या चार ओळींत माझी वीस वर्षं मावतात.

आता खोलीत या. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. आत बाहेरच्यापेक्षा चांगलाच गारवा आहे, पण तो आमच्यासाठी नव्हे, यंत्रांसाठी. संगणकाला उकाडा सोसत नाही. त्याहून मोठा शत्रू म्हणजे खारी हवा. खिळा महिनाभर अंगणात राहिला तर गंजतो ना? समुद्रावर तेच दर मिनिटाला चालू असतं. शिवाय जहाज डुलतं, इंजिनं थरथरतात. म्हणून इथली यंत्रं टेबलावर नुसती ठेवलेली नसतात, धक्का सोसणाऱ्या बैठकींवर घट्ट बोल्टांनी आवळलेली असतात. त्यांची जोडणी तपासायची, पंखे साफ ठेवायचे, कुठली केबल सैल झाली ते शोधायचं, हे रोजचंच. चित्रपटात दाखवतात तसं फटाफट बटणं दाबून जग वाचवण्याचं काम फारसं नसतं. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि फडकंच जास्त वेळ असतं.

हे काम पाळीपाळीने चालतं. नौदलात पाळीला 'वॉच' म्हणतात. साधारण चार-चार तासांचा एक वॉच. आता चोवीस भागिले चार म्हणजे सहा, म्हणजे रोज तुमच्या वाट्याला तीच वेळ येणार. मध्यरात्री बारा ते चारची पाळी ज्याच्या नशिबी, त्याने जन्मभर तीच करायची? म्हणून जुन्या दर्यावर्दींनी एक युक्ती केली. संध्याकाळी चार ते आठच्या पाळीचे दोन तुकडे केले. आता झाल्या सात पाळ्या, आणि पाळी रोज पुढे सरकू लागली. आहे की नाही गंमत? गणिताचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता निरोप जातो कसा ते पाहू. समुद्रावर तारेचा खांब नाही की मोबाइलचा मनोरा नाही. २० मीटर उंचीवर उभं राहून पाहिलं तर नजर साधारण १६ किलोमीटरपर्यंत पोचते. त्यापलीकडे पृथ्वीची गोलाई आड येते. सरळ जाणाऱ्या रेडिओलहरींचीही थोड्याफार फरकाने हीच अडचण. मग हजार किलोमीटरवरच्या मुंबईशी बोलायचं कसं? एक उपाय म्हणजे लघुलहरी. वातावरणात खूप उंचावर आयनांबर नावाचा थर आहे. लघुलहरी त्यावर आदळून, भिंतीवर टाकलेल्या चेंडूसारख्या पुन्हा खाली येतात. पण हा थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा. त्यामुळे दुपारी स्वच्छ ऐकू येणारं केंद्र रात्री खरखरतं. कुठल्या वेळी कुठली लहर वापरायची, हे ओळखायला अनुभव लागतो.

दुसरा उपाय म्हणजे उपग्रह. ३० ऑगस्ट २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून आपला 'जीसॅट-७' आकाशात गेला. खास आपल्या नौदलासाठीचा हा पहिला दळणवळण उपग्रह. त्याचं लाडकं नाव 'रुक्मिणी'! पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी काम करायला सुमारे ४४०० किलो वजनाचा नवा उपग्रह गेला, तो मात्र आपल्याच श्रीहरिकोट्याहून. असे उपग्रह जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. निरोप वर जायचा आणि खाली यायचा, म्हणजे ७२,००० किलोमीटरचा प्रवास. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पाव सेकंद लागतोच.

या पाव सेकंदावरून एका बाईंची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. गणिताच्या प्राध्यापक होत्या, दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली अमेरिकेच्या नौदलात दाखल झाल्या आणि अगदी पहिल्या संगणकांवर काम करू लागल्या. संगणकाला माणसाच्या भाषेजवळची भाषा समजावी म्हणून त्या झटल्या. मोठमोठे अधिकारी त्यांना विचारत, उपग्रहावरून निरोप यायला इतका वेळ का लागतो? त्यावर बाई एक तारेचा तुकडा काढून दाखवत. साधारण ३० सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्या मोठ्या पट्टीएवढा. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज फार तर एवढंच अंतर जाते. "आता इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा," असा त्याचा अर्थ! १९८६ साली त्या निवृत्त झाल्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या आणि रिअर ॲडमिरल या हुद्द्यावर होत्या. अवघड गोष्ट पट्टीएवढी सोपी करून सांगणारी माणसं मला फार आवडतात.

निरोप पोचला, पण वाटेत कुणी ऐकला तर? रेडिओ तर सगळ्यांनाच ऐकू येतो. म्हणून निरोप कुलूपबंद करून पाठवायचा. तुम्ही 'च'ची भाषा बोलता ना? 'कमल'चं 'चमलक'! तेही एक कुलूपच. आता दुसरं कुलूप पाहा. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं अक्षर लिहायचं. 'परत' या शब्दाचं होईल 'फलथ'. ज्याला 'एक घर पुढे' ही किल्ली ठाऊक, तोच एक घर मागे येऊन वाचणार. आमची यंत्रंही हेच करतात, फक्त त्यांची किल्ली इतकी लांबलचक आणि गुंतागुंतीची असते, की ती अंदाजाने सापडू नये. गंमत म्हणजे कुलूप कसं चालतं हे शत्रूला कळलं तरी एक वेळ चालतं. किल्ली मात्र कळता कामा नये. जुन्या काळी नौदलांच्या संकेतपुस्तकांना शिशाचे जड पुठ्ठे घालत. जहाज शत्रूच्या हाती पडतंय असं दिसलं, की पुस्तक समुद्रात टाकायचं. थेट तळाशी!

या किल्लीची किंमत किती असते? ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री भूमध्य समुद्रात ब्रिटिश जहाजांनी 'यू-५५९' ही जर्मन पाणबुडी वर यायला भाग पाडलं. ती बुडू लागली होती. टोनी फॅसन नावाचा अधिकारी आणि कॉलिन ग्रेझियर नावाचा खलाशी अंधारात पोहत तिच्याकडे गेले आणि आत उतरले. त्यांच्या मदतीला होता टॉमी ब्राउन. तो होता जहाजाच्या कँटीनमधला पोऱ्या, वय वर्षं सोळा! तुमच्यातल्या काही जणांएवढाच. दोघांनी आतून संकेतपुस्तकं वर दिली. आणि एकाएकी पाणबुडी तळाला गेली. टॉमी वाचला. फॅसन आणि ग्रेझियर वर आलेच नाहीत. त्या पुस्तकांमुळे, दहा महिने बंद पडलेलं जर्मन पाणबुड्यांच्या निरोपांचं वाचन इंग्लंडमध्ये पुन्हा सुरू झालं. किती जहाजं आणि किती माणसं त्यामुळे वाचली असतील! प्रशिक्षणात ही गोष्ट ऐकली तेव्हापासून किल्ली बदलण्याचं काम मी कधी घाईने केलं नाही.

यंत्रावर किती विसंबायचं, तेही सांगतो. सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेचं 'यॉर्कटाउन' हे युद्धजहाज संगणकांवर चालवून पाहत होते. कुणीतरी एका रकान्यात शून्य भरलं. संगणकाने त्या शून्याने भागायला घेतलं. शून्याने भागायचं नसतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. त्या प्रणालीला मात्र कुणी सांगून ठेवलं नव्हतं! नेटवर्क कोसळलं, इंजिनं थांबली आणि एवढं मोठं जहाज सुमारे पावणेतीन तास पाण्यावर नुसतं तरंगत राहिलं. म्हणूनच उपग्रहाच्या जमान्यातही नौदलात रंगीत बावटे आणि दिव्याची उघडझाप शिकवतात. वीज गेली तरी बावटा फडकतोच.

आता जे सांगणार आहे, ते तंत्रज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही.

आम्ही खोल समुद्रात होतो. काही दिवस जहाजाने मौनव्रत घेतलं होतं. म्हणजे बाहेरचे निरोप ऐकायचे, पण आपण एक शब्द पाठवायचा नाही. पाठवला की आपण कुठे आहोत ते कळतं. संध्याकाळच्या पाळीत एक निरोप आला. माझ्या एका मित्राचे वडील वारले होते. तो माझ्याच मेसमधला, तमिळनाडूचा. आम्ही दोघं बरोबर भरती झालेलो. त्याला दूध आटवलेली कॉफी आवडे, मला चहा, आणि त्यावरून आमचं रोज भांडण.

आमच्या जहाजावरची पद्धत अशी, की असा निरोप आधी वरिष्ठांकडे द्यायचा आणि कॅप्टनसाहेब स्वतः त्या माणसाला बोलावून सांगणार. मी निरोप दिला, पाळी संपवली आणि जेवायला गेलो. तो माझ्या शेजारीच येऊन बसला. घरी नवं छप्पर घालायचंय, बाबा एकटेच सगळं बघतात, असं काहीबाही सांगत होता. मी मान हलवत होतो. घास गिळत नव्हता. वीस-पंचवीस मिनिटंच असतील, पण माझ्या नोकरीतली सगळ्यात लांब पाळी तीच. मग त्याला बोलावणं आलं.

त्या रात्री उशिरा तो डेकवर भेटला. म्हणाला, "तुला ठाऊक होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"जेवताना?"

"हो."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं केलंस. साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं, दार लावलं, मग सांगितलं. मेसमध्ये सगळ्यांसमोर कळलं असतं तर माझं काय झालं असतं कोण जाणे." मौनामुळे त्याला लगेच घरी बोलताही आलं नाही. पुढच्या बंदरात उतरवून त्याला घरी पाठवलं. तोवर मी रोज त्याच्याबरोबर कॉफी प्यायलो.

बघा दोस्तांनो, यंत्राला किल्ली असते तशी माणसालाही असते. निरोप माझ्या हातून जातो, पण तो माझा नसतो. तो कुणाला, कधी, कसा सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क माझा नसतो. हे मला कुठल्या सर्व्हरने शिकवलं नाही.

घरीही तसंच. माझी मुलगी लहान असताना विचारायची, "बाबा, तुम्ही कुठे जाणार?" मी म्हणायचो, "समुद्रावर." "कधी येणार?" "जहाज आलं की." ती रुसायची. तिच्या आईलाही मी याहून जास्त काही सांगत नसे. घरच्यांनी ते सोसलं म्हणून मला माझं काम करता आलं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय असतं त्यात? मग ऐका. मी निवृत्त झाल्यानंतर, डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक वापरायला बंदी घातली. त्याआधी काही नौसैनिकांना माहिती फोडल्याच्या संशयावरून अटक झाली होती. समाजमाध्यमांवर गोड बोलून ओळख वाढवायची आणि हळूच जहाजांची माहिती काढायची, असा तो डाव होता. म्हणजे कुलूप फोडावंच लागलं नाही, किल्लीवाल्यालाच गाठलं!

आणि हे तुमच्याही घरात घडतं बरं का. फोनवर कुणी काका गोड आवाजात बाबांचा ओटीपी विचारतो. खेळता खेळता अनोळखी मित्र शाळेचं नाव विचारतो. सगळे गावाला निघालात की घर रिकामं असल्याची बातमी फोटोसकट तुम्हीच जगाला देता. सांगण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा, ही बातमी माझी आहे का? मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं गुपितही तिचंच असतं, तुमचं नव्हे. मात्र एक लक्षात ठेवा. कुणी तुम्हाला त्रास देत असेल आणि "घरी सांगू नकोस" म्हणत असेल, तर ते गुपित नव्हे. ते आई-बाबांना त्याच दिवशी सांगायचं. आमच्याकडेही धोक्याचा निरोप सगळ्यात आधी पाठवतात.

आता कुणाला या वाटेने यावंसं वाटत असेल तर? बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घ्या. २०२२ पासून नौसैनिकांची भरती 'अग्निवीर' म्हणून होते. ही नोकरी चार वर्षांची, आणि त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांनाच पुढे कायम करतात. पालकांनी हे आधीच नीट समजून घ्यावं. मुलींनो, तुम्हीही येऊ शकता. मार्च २०२३ मध्ये चिल्काहून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. अधिकारी व्हायचं असेल तर बारावीनंतर पुण्याजवळची खडकवासल्याची प्रबोधिनी आहे. नाहीतर संगणकाची पदवी घेऊन माहिती तंत्रज्ञान विभागात जाता येतं. त्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण केरळात एळिमला इथे होतं. गुजरातेत जामनगरला 'आयएनएस वालसुरा' आहे, तिथे वीज, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचं पुढचं शिक्षण मिळतं.

आणि आई-बाबांनो, मुलाला संगणकातलं खूप कळतं म्हणजे तो या कामाला योग्य, असं समजू नका. रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना, तो वहीत खरी वेळ लिहील का? हे आधी पाहा. बाकीचं नौदल शिकवतं.

पुढच्या वेळी समुद्रावर गेलात आणि लांब क्षितिजावर राखाडी जहाज दिसलं, तर टाळ्या जरूर वाजवा. त्यातली एक टाळी त्या बिनखिडकीच्या खोलीसाठी वाजवाल ना? ऐकू जाणार नाही तिथपर्यंत. पण पोचेल.